श्वासाला लावलेला कान

'दम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ श्वास. दम धरणे, दम खाणे, दम देणे असे करीत आपण तो इतका मुरवला, की आता तो परका वाटतच नाही. दमेकऱ्याला मात्र 'दम धरा' म्हणणे सोपे नसते!

आमच्या इंदापूरच्या आत्याबाईंनी जन्मात विडीला हात लावला नाही. पण चुलीचा धूर चाळीस वर्षे घेतला. त्यात हा सारा बारामती-इंदापूरचा मुलूख उसाचा. तोडणी झाली की फडाफडांतून पाचट पेटते. 'सीओपीडी' या नावाने डॉक्टर ओळखतात त्या श्वासनलिका आखडण्याच्या विकाराचे २०१६ साली भारतात सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्यांतले सगळेच काही विडीवाले नव्हेत. चुलीपुढे बसणाऱ्या बायकाही त्यांत आहेत.

आत्याबाईंना बारामतीच्या डॉक्टरांनी कोरडी भुकटी ओढायचा पंप दिला. दोन्ही वेळा त्या तो नेमाने घेत, आणि धाप मात्र हटेना. अखेर डॉक्टर म्हणाले, "माझ्यासमोर घ्या बघू." बाईंनी पंप तोंडाला लावला आणि आधी त्यातच जोराने फुंकर मारली! फुंकणीचा चाळीस वर्षांचा सराव तो. हात सुटला तरी ओठ कसे विसरणार? फुंकरीने भुकटी उडते, ओल लागून गोळाही होते, मग छातीत जायचे काय?

समोर नसतानाही ही फुंकर पकडणारी युक्ती आयर्लंडमध्ये डब्लिनला निघाली. डॉ. रिचर्ड कॉस्टेलो आणि अभियंते प्रा. रिचर्ड राइली यांच्या मंडळींनी 'डिस्कस' नावाच्या चपट्या गोल पंपाला एक चिमुकली डबी जोडली. तिचे नाव 'इंका', आणि तिच्या पोटात मायक्रोफोन. पंप उघडला की ध्वनिमुद्रण सुरू, मिटला की बंद. खटक्याचा 'टक' निराळा, श्वास ओढल्याचा 'सूंऽ' निराळा, फुंकरीचा आवाज त्याहून निराळा. ओढ जोरकस तर आवाजही मोठा. संगणक हे सारे तारीखवेळेसह वाचून दाखवतो.

नुसते खटके मोजून का भागत नाही? अमेरिकेतल्या एका पाहणीत (१९९२) काही बहाद्दरांनी तीन तासांत शंभरावर वेळा पंप दाबल्याचे आढळले. तपासणीआधी तो रिकामा दिसावा, एवढ्यासाठी! डबीला असे फसवता येत नाही. डब्लिनच्या २४४ सीओपीडी रुग्णांत वेळेवर आणि बरोबर घेतलेल्या औषधाचे सरासरी प्रमाण २२.६ टक्केच निघाले (२०१७). औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवण्याआधी ते पोटचे आवाज ऐकायला नकोत का?

घरात कोणी आपला श्वास ऐकत बसले आहे, ही कल्पना मला फारशी रुचत नाही. सासूचा कान पुरे होता. पण रुग्णाला विचारून, त्याच्याच भल्यासाठी ऐकले तर माझी तक्रार नाही.

बारामतीच्या बाजारात ही डबी मी पाहिलेली नाही. तोवर आपले कान आहेतच. कुपी भोसकून वापरायचा पंप असेल, तर ओढताना कुपी आत भिरभिरल्याचा आवाज यायला हवा. न आला तर ती अडकली असे समजावे, पंप उघडून ती सैल करावी आणि पुन्हा ओढावे. भुकटी झटक्यात, खोलवर ओढायची. फवाऱ्याचा पंप असेल तर मात्र सावकाश. फुंकायचे ते आधी, आणि तोंड बाजूला करून. ओढून झाल्यावर जमेल तर दहा सेकंद दम धरायचा.