पाट्याचा दगड

गेल्या जुलै महिन्यातील शाळेच्या सुट्टीत शेजारच्या रेयुनियन बेटावर सहकुटुंब जाण्याचा योग आला. विमानाने अवघा पाऊण तासाचा प्रवास. परंतु आपल्या मंडळींपैकी अनेकांनी युरोप पाहिलेला असतो आणि हे बेट मात्र राहून गेलेले असते. पत्नी, दोन मुले आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी आई असा आमचा लवाजमा होता. अग्नीचा डोंगर पाहायचाच, हा आईचा हट्ट. गुडघ्याचे दुखणे आपण घरी ठेवून आलो आहोत, असे तिने विमानतळावरच जाहीर केले होते.

पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा पर्वत जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींमध्ये गणला जातो. दुपारच्या आतच ढग त्याला झाकून टाकतात, म्हणून पहाटेच्या काळोखात निघावे लागते. गायरानांची हिरवळ मागे पडली आणि एका वळणावर प्लेन दे साब्लचे तांबूस-काळ्या रेतीचे विस्तीर्ण पठार समोर आले. मोटारीतील सर्व बडबड तेथे आपोआप थांबली. पा द बेलकोंब या २३११ मीटर उंचीवरील कड्याशी रस्ता संपतो. खाली कड्यांनी वेढलेली प्रचंड पोकळी आणि मध्ये करड्या रंगाचा स्तब्ध डोंगर. याच्याच माथ्यावरील विवराचा तळ एप्रिल २००७ मध्ये खचून सुमारे ३०० मीटर खाली गेला, हे मी मुलांना सांगितले. परंतु धूर दिसेना, त्यामुळे त्यांची निराशा झाली. आईने थंडीने कापत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या समुद्राकडील पायथ्याशी, ग्रां ब्रुले येथे गेलो. २००४ मधील उद्रेकाचा लाव्हा येथून सागरास मिळाला होता. त्या प्रवाहाच्या पोटात आता वाटाड्याबरोबर शिरता येते. लाव्हा वाहताना वरचा थर निवून कठीण होतो, आत मात्र तप्त रस वाहतच राहतो. उगम थांबला की तो रस निघून जातो आणि मागे भुयार उरते. डोक्यावर दिव्याचे शिरस्त्राण आणि गुडघ्यांना जाड पट्टे बांधून मी मुलांसह आत उतरलो. आई आणि पत्नी तोंडाशीच थांबल्या. कोठे ताठ चालता येते, कोठे अक्षरशः रांगावे लागते. छतावरून लाव्हाचे थेंब मेणबत्तीच्या ओघळांसारखे गोठून राहिले आहेत. मध्यावर वाटाड्याने सर्वांना दिवे मालवावयास सांगितले. असा काळोख मी जन्मात पाहिला नव्हता. मुलाचा हात माझ्या कोपराला घट्ट धरून होता. नंतर त्याने ते साफ नाकारले.

बाहेर आल्यावर वाटाड्याशी बोलणे झाले. त्याचे आडनाव तमिळ. आपल्याप्रमाणेच तेथेही उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणले गेले, त्यांतील बहुतेक दक्षिण भारतातील. तमिळ येते का, असे आईने क्रिओलमध्ये विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "देवळात कानावर पडते तेवढेच." मला त्याच्यावर हसता आले नाही. मी मराठीचा शिक्षक. घरी मी मराठीत विचारतो आणि मुलगा क्रिओलमध्ये उत्तर देतो.

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून, मुंबई बंदरातून आले, एवढे आम्हांस ठाऊक आहे. जुन्या नोंदीत गावाचे नाव आहे खरे, पण कारकुनाने ते कानाला लागले तसे उतरविले. त्या उच्चाराशी जुळणारी तीन गावे मी नकाशात शोधली. चौथे सापडले तेव्हा नाद सोडला. आईला कोकण पाहावयास मिळाले नाही, आणि आता तेवढ्या लांबच्या प्रवासाचे बळ तिच्यात उरलेले नाही.

म्हणून तेथेच एका खडकावर टेकून मी तिला भूशास्त्रज्ञांचे मत सांगितले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्रोतावरून सरकत होता. त्यातून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ झाला. त्याच थरांचा आपला सह्याद्री. पुढे भारत उत्तरेस गेला, स्रोत मागे राहिला. त्यानेच फार उशिरा आपले मॉरिशस घडविले, आणि आज तो या डोंगराखाली जळत आहे.

आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरी आजीपासून चालत आलेला पाटा आहे, ज्याला सारा मॉरिशस रोश-कारी म्हणतो. तोही अशाच काळ्या दगडाचा. कोकणात आजीच्या आईचा पाटाही काळ्याच दगडाचा असणार. आईने वाकून खडकावर तळवा ठेवला, पाटा टाकवून घेताना चाचपतात तसा चाचपला.

"म्हणजे माहेरचाच दगड," ती म्हणाली. "पण अजून कच्चा आहे रे. भोके बघ केवढी! यावर मसाला वाटलास तर कालवणात खडेच येतील."

आणि हात झटकून ती मोटारीकडे निघाली.