मोरीत अडकलेला कातळ

बेल्हे-आण्याकडे किंवा मंचरच्या आसपास ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे, त्यांना पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर चांगला ओळखीचा असतो. पाण्याला क्षार आहेत, एवढं म्हणून आपण तो घासून टाकतो. पण तो थर कुठून येतो, याचा माग काढत गेलं की आपण थेट ६ कोटी ६० लाख वर्षं मागे जातो. त्या सुमाराला इथे लाव्हा पसरला, थंड झाला आणि त्याचा हा काळा कातळ झाला. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आंबट होतं आणि कातळाच्या भेगांतून उतरताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. भीमाशंकर-आहुप्याकडच्या झऱ्याचं पाणी दगडाच्या संगतीत थोडाच काळ असतं, म्हणून ते हलकं. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं दगडात राहिलेलं, म्हणून ते जड.

हे जड पाणी न्हाणीत साबणाला भेटतं आणि तिथे एक नवीनच पदार्थ तयार होतो. साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांना सोडियम जोडून केलेला पदार्थ. सोडियम जोडलेला असतो तोवर साबण पाण्यात विरघळतो. पण पाण्यात कॅल्शियम असेल तर ते सोडियमला बाजूला सारतं आणि एकदम दोन स्निग्धाम्लं पकडून बसतं. आता जे तयार झालं ते पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. आधी कॅल्शियमची भूक भागते, मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. विरघळू न शकणारा तो चिकट, करडा चुना-साबण फरशीवर, बादलीच्या कडेला आणि सगळ्यात जास्त मोरीच्या पाइपात जाऊन बसतो. मोरी तुंबते तेव्हा तारेला लागून जो गोळा बाहेर येतो, त्यात केस असतात, माती असते आणि त्या जुन्या लाव्ह्याचा अंशही असतो. हे कळल्यापासून तुंबलेल्या मोरीकडे नाक मुरडून पाहणं मला जमलेलं नाही.

स्वयंपाकघरातल्या सिंकची कथा जराशी वेगळी, पण शेवट तोच. आपल्याकडे मासवडीच्या रश्श्यावर तर्री हवीच. जेवणं झाली की ताटावाट्यांची तर्री सिंकमध्ये जाते. शेंगदाण्याचं तेल काही पाइपात थिजत नाही, मग ते अडकतं कसं? तळताना उष्णतेने आणि पाइपात पोचल्यावर जिवाणूंमुळे तेल फुटतं, त्यातून स्निग्धाम्लं सुटी होतात आणि तिथेही कॅल्शियम वाट पाहत असतंच. पाइपाच्या आतून पुन्हा साबण बनू लागतो, आपण न बनवलेला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली जमिनीखालच्या गटारात असाच एक गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता.

आणखी एक गोष्ट लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पाइपाच्या आतून थर बसत बसत त्याचा व्यास निम्मा झाला, तर पाणी निम्म्याने जाईल असं वाटतं. तसं होत नाही. व्यास निम्मा झाला की आतली जागा पावपट उरते. शिवाय भिंतींशी घासून पाण्याचा वेगही घटतो. दोन्ही मिळून जाणारं पाणी जवळजवळ एक षष्ठांशावर येतं. म्हणून मोरी महिनोन्महिने नीट चाललेली दिसते आणि मग दोन-चार दिवसांतच घोट्याएवढं पाणी साचू लागतं. तुंबणं एका रात्रीत होत नाही, फक्त ते दिसतं एका रात्रीत.

पाण्याला वाट करून देण्याचं हे शास्त्र आपल्या भागात फार जुनं आहे. जुन्नरभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. ती पाहायला जाणारे चैत्य बघतात, खांब बघतात, मूर्ती शोधतात. मी सांगेन की एकदा जमिनीकडे बघत फिरा. लेण्यांच्या बाहेर कातळात खोदलेली टाकी आहेत आणि पावसाचं पाणी त्यांच्याकडे वळवणाऱ्या कोरीव पन्हळी आहेत. जुन्नरच्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिल्याची नोंद आहे. कुठला कोण यवन, नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात येतो आणि पुण्यासाठी काय देतो, तर पाण्याची सोय! ज्या पाथरवटांनी त्या पन्हळी खोदल्या त्यांना दोन कामं साधायची होती: प्यायचं पाणी टाक्यात आणायचं आणि नको असलेलं पाणी खोलीत येऊ द्यायचं नाही. दोन्ही कामांना त्यांच्याकडे हत्यार एकच होतं, ढाळ.

आजचा गवंडी न्हाणीची फरशी बसवताना तोच शब्द वापरतो. पाइपाला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर ढाळ मिळाला की पाणी आपल्याबरोबर घाण ओढून नेतं. सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या आखणारे इंजिनिअर पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ६० ते ७५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. वेग त्याखाली गेला की पाणी सोबत आणलेलं सगळं खाली ठेवायला लागतं. घोड नदी डिंभ्याच्या जलाशयात शिरताच वेग हरवते आणि गाळ खाली बसवते, तेच आपल्या पाइपाच्या वळणात घडतं.

वळण मग ठेवायचंच कशाला? यामागे खरोखर विलक्षण बुद्धी आहे. न्हाणीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो किंवा सिंकखाली जो बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्यात मुद्दाम थोडं पाणी अडवून ठेवलेलं असतं, साधारण ५ सेंटिमीटर उंचीचं. सांडपाणी त्यातून पुढे जातं, पण गटारातली हवा, वास आणि झुरळं त्या पाण्यापलीकडून घरात येऊ शकत नाहीत. झडप नाही, स्प्रिंग नाही, हलणारा एकही भाग नाही, पाण्याचंच दार. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये शौचकूपासाठी अशा वळणाच्या नळीचं पेटंट घेतलं. आज जगभरातल्या घरांत तेच तत्त्व राबतंय. उन्हाळ्यात घर बंद करून गावी गेलात आणि परत आल्यावर न्हाणीत वास भरलेला असला, तर काही बिघडलेलं नसतं. ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की दार पुन्हा लागतं. जाताना त्यात चमचाभर खाद्यतेल टाकलं तर तेलाचा पातळ पडदा पाणी लवकर उडू देत नाही.

ट्रॅपच्या आतल्या भिंतीवर एक बुळबुळीत काळपट थर असतो. तो नुसता मळ नाही. जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडून त्यात वस्ती करतात. वरच्या थरात प्राणवायूवर जगणारे, आत प्राणवायूशिवाय जगणारे. या आतल्यांच्या उद्योगातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. न्हाणीच्या भिंतीवर बसलेली, केसाळ पंखांची, बदामाच्या आकाराची इवलीशी माशी तुम्ही पाहिली असेल. तिच्या अळ्या याच थरावर वाढतात. औषध फवारून त्या माश्या जात नाहीत. थर खरवडला की त्यांचं अन्नच जातं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. आधी ऐका आणि बघा. एकाच ठिकाणचं पाणी साचतंय की सगळीकडचं? सिंक मोकळं केलं की न्हाणीत गुडगुड होते का? तसं असेल तर अडथळा घराबाहेरच्या चेंबरकडे आहे, आत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. एकट्या न्हाणीचं पाणी अडत असेल तर बहुतेक वेळा दोष हातभर अंतरातच असतो. रबरी हातमोजे घाला, जाळी उचला, आतली वाटी असेल तर फिरवून काढा. टोकाला छोटा आकडा केलेली तार आत सोडा, हळूहळू फिरवा आणि ओढा. केसांचा गुंता बाहेर येतो. केस हे केराटिनचे, सहजासहजी कुजत नाहीत. साबणाच्या थराला घट्ट धरून ठेवणारं जाळं तेच असतात. निम्म्याहून जास्त मोऱ्या एवढ्यावरच मोकळ्या होतात असा माझा समज आहे.

तेवढ्याने भागलं नाही तर लाकडी दांड्याचा रबरी पंप घ्यावा. त्याचं काम समजून घेतलं तर हात वेगळा चालतो. रबराची वाटी पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे, कारण हवा दाबली की आकसते आणि जोर गिळून टाकते. पाणी आकसत नाही, जोर जसाच्या तसा पुढे देतं. बेसिनला वरच्या बाजूला जास्तीचं पाणी जायचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करा. आता हिशोब बघा. वाटी १२ सेंटिमीटर व्यासाची, पाइप ४ सेंटिमीटरचा. तुम्ही १० किलोचा भार देऊन दाबलंत, तर तो वाटीच्या सगळ्या क्षेत्रफळावर वाटला जातो आणि पाइपातल्या गोळ्याच्या वाट्याला जेमतेम किलोभर येतो. म्हणजे अंगातली ताकद लावून गोळा ढकलून देण्याचं हे काम नाहीच. नुसतं दाबत राहिलं तर गोळा आणखी घट्ट बसतो. खरं काम ओढण्यात आहे. दाबा, ओढा, दाबा, ओढा, एका लयीत, वाटी न सुटू देता. पाणी मागे-पुढे होतं, गोळ्याच्या कडांतून शिरतं, चुना-साबणाची भिंतीवरची पकड सैल करतं. मग एकदम पाणी भोवरा करत खाली जातं. तो भोवरा बघायला मला अजूनही आवडतो.

सिंकखालचा बाटली ट्रॅप असेल तर पंपाचीही गरज नाही. खाली बादली ठेवा, हाताने आटे फिरवून ट्रॅपचा तळ काढा, आतला चहाचा चोथा, भाताची शितं, तळाचा गाळ बाहेर टाका, रबराची चकती जागेवर आहे ना ते पाहून परत बसवा. शेवटी गरम पाणी ओता, पण चुलीवरून उतरवलेलं खदखदतं नको; पीव्हीसीचे पाइप साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचा उपाय सगळीकडे सांगतात. तो फसफसतो छान, पण फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. सोडा आणि आम्ल एकमेकांनाच संपवतात, गोळ्यापर्यंत खारट पाण्याखेरीज फारसं काही पोचत नाही. दुकानात मिळणारी मोरी मोकळी करायची पावडर बहुधा कॉस्टिक सोड्याची असते. ती केस विरघळवते, तेलाचा साबण करते आणि पाण्याशी गाठ पडताच प्रचंड तापते. डोळ्यांत उडाली तर दृष्टी जाऊ शकते. वापरायचीच तर डोळ्यांवर चष्मा लावून, थोडी थोडी, आणि त्यानंतर तो पाइप उघडायचा नाही की पंप मारायचा नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फरशी धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ एक कधीच ओतू नका. त्यातून क्लोरीन निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच, आणि न्हाणी तर बंद खोली असते.

मोकळं झालेलं पाणी पुढे कुठे जातं? परसात शोषखड्डा असेल तर ते पुन्हा त्याच कातळाच्या भेगांत उतरतं. गटारात गेलं तर ओढ्याने कुकडी, मीना किंवा घोडेत. कुकडी आणि मीना घोडेला मिळतात, घोड भीमेला, मग उजनीचा जलाशय, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. नाणेघाटाच्या कड्यावरून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण ढाळ पूर्वेला आहे, म्हणून पाणी अख्खा दख्खन ओलांडून जातं.

घरातली मोरी, सिंक, ट्रॅप, अंगणातली जाळी, एवढं आपल्या हाताने करावं. शौचालयाची टाकी आणि खोल चेंबर मात्र वेगळे. तिथेही तोच हायड्रोजन सल्फाइड असतो, पण फार जास्त. थोडा असताना त्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि वास गेला म्हणून धोका टळला असं वाटून माणूस आत उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवून सफाई करून घेण्यावर बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख केली. टाकी भरली तर नगरपालिकेची किंवा खाजगी उपसा करणारी गाडी बोलवावी. नळी आत जाते, माणूस बाहेर राहतो.