चपला राखणारी मुलगी

मुंबईच्या चाळीत साठ-पासष्ट वर्षे काढल्यावर मी गेल्या वर्षी लेकीकडे गिरीजला राहायला आले. वसई रोड स्टेशनात उतरावे, पश्चिमेची बस धरावी, आणि केळी-नारळीच्या वाड्या दिसू लागल्या की गाव जवळ आले म्हणून समजावे. आता वाड्यांच्या मधून इमारतीही उठल्या आहेत, आणि त्यांतल्याच एकीत आमचे बिऱ्हाड आहे. पण पहाटे कोंबडा आरवतो, याचेच मला अजून अप्रूप आहे!

त्याहून अप्रूप वाटते ते नातीच्या पोटाचे. ती दुसरीत आहे. शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखू लागते. मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी कधीही दुखत नाही. तिच्या आईने वेळापत्रक काढून पाहिले, तेव्हा रोग कळला. त्या दोन दिवशी पी.टी.चा तास असतो!

"आजी, आज मला पाच वेळा विष लागलं!" एका शुक्रवारी ती फ्रॉकला माती फासून ओरडतच आली.

"मग ग? आऊट झालीस ना?"

"आऊट काय? अमृत मिळालं की!"

तिला नवल माझ्या अज्ञानाचे, आणि मला तिच्या आनंदाचे. कारण माझ्या लेखी पी.टी.चा तास म्हणजे 'आऊट' होण्याचा तास होता.

1962 साली मी तिसरीत होते. शाळेचे नाव सांगत नाही. तेव्हा बहुतेक शाळा तशाच असत. रांगेत उभे राहायचे, 'एक-दोन-तीन-चार' म्हणत हात वर-खाली करायचे आणि मग लंगडी. मी अंगाने जाड. पहिल्या मिनिटात कोणीतरी मला शिवे, की गुरुजी म्हणत, "तू भिंतीशी बस आणि सगळ्यांच्या चपला राख." चार वर्षे मी चपला राखल्या. कोणाचा अंगठा तुटला आहे, कोणाच्या टाचा झिजल्या आहेत, सारे मला पाठ होते. पळणे मात्र आले नाही ते नाहीच. पुढे जन्मभर सुटणारी बस मी सोडूनच दिली. आपले अंग आपल्या कामाचे नाही, हे एकदा मनाने घेतले की ते साठीतही जात नाही. आता गुडघ्यांचे डॉक्टर म्हणतात, "चालत जा." मी चालते, पण अजून कोणी बघत तर नाही ना, असे वाटत राहते.

आपल्या महाराष्ट्राला व्यायामाचे वावडे होते, असे कोणी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले. अमरावतीला 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. कांदिवलीला 1938 साली व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. आणि परवा, जानेवारी 2025 मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच! ऊर भरून येतो. पण हे सारे तालमीतल्या नि मैदानातल्या वीरांचे झाले. भिंतीशी बसलेल्या पोरीचे काय?

म्हणून एका मंगळवारी बाईंची परवानगी घेऊन मी शाळेच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मुले छत्तीस. वाडवळांची, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांतली, इमारतीत नव्याने आलेल्यांची. सगळ्यांचे पाय सारखेच मातीने भरलेले. बाईंनी शिट्टी वाजवली. दोन मिनिटे बेडूकउड्या, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहणे. मग 'साखळी'. ज्याला धरले त्याने हात धरून साखळीत सामील व्हायचे. म्हणजे पकडला गेलेला अधिकच पळतो. नंतर तो नातीचा 'विषामृत'. राज्य असलेल्याने 'विष' म्हणून शिवले की जागच्या जागी थिजायचे. सवंगड्याने येऊन 'अमृत' म्हटले की पुन्हा सुटायचे. माझ्यासारखाच एक गुबगुबीत मुलगा तीनदा थिजला आणि तीनदा जिवंत झाला. धापा टाकत होता, पण तोंडावरचे हसू काही मावळत नव्हते.

तास संपल्यावर मी बाईंना विचारले, "तुम्ही व्यायामाच्या शिक्षिका का?"

"छे हो आजी! मी वर्गशिक्षिका. मराठी, गणित सगळं मीच शिकवते."

मग त्यांनी समजावून दिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवे, असे सांगितले आहे. व्यायामासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराहून अधिक मुले असतील तर. खालच्या वर्गांत सारे वर्गशिक्षकाच्या मनावर. "खो-खोत एका वेळी पाठलाग करणारा एक आणि पळणारे तीन," बाई म्हणाल्या. "मोठ्यांना तो उत्तम. पण माझ्या छत्तीस जणांत चारच पळाले, तर बत्तिसांचा तास बसण्यात गेला की! म्हणून मी लहानांना आऊट करतच नाही."

केवढे साधे गणित! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांचा दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल असा खेळ व्हावा. शिवाय उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याचा संभव कमी, असेही संशोधकांना आढळले आहे. आठवड्यातल्या दोन तासांनी हे भरून निघत नाही, हे खरे. पण खेळाची गोडी लागते ती तिथेच, आणि तुटते तीही तिथेच. ज्याला खेळाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच सर्वांत आधी बाहेर बसवायचे, हा कुठला न्याय? आजाऱ्यालाच औषध नाकारावे, तसे हे झाले! आणि यावरचा उपाय परदेशातून आणायचा नाही. तो आपल्याच अंगणातल्या खेळांत आहे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभेला जाल, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. पी.टी.चा तास गणिताला तर जात नाही ना? आणि त्या तासात आमचे मूल पळते किती मिनिटे?

मी घरी येऊन नातीला विचारले, "काय ग, तुमच्यात चपला कोण राखतं?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

"चपला कशाला राखायच्या, आजी? त्या काय पळून जाणार आहेत?"