डिझेलच्या गाड्यांचा लगाम सैल होतो

युरिया म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उसाचे शेत उभे राहते. पांढऱ्या दाण्यांचे पोते पाठीवर घेऊन बांधावरून चालणारे आजोबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. हाच युरिया आज जगातल्या लक्षावधी ट्रकांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पोटात जातो, आणि तो संपला की भला थोरला ट्रक बैलगाडीच्या चालीने सरपटू लागतो, हे सांगितले तर कित्येकांना ती थट्टा वाटेल. पण थट्टा नव्हे. ह्याच गोष्टीवरून अमेरिकेत काही वर्षे मोठा वाद चालला होता आणि २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील सरकारने ह्या बाबतीतला नियम सैल करण्याचे जाहीर केले. हा वाद नीट समजून घ्यावा असा आहे. कारण त्यात शेतकरीही खरा आहे आणि खोकणारे मूलही खरे आहे.

प्रथम युरियाचा आणि इंजिनाचा संबंध काय ते पाहू. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते म्हणाना, आणि तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल ह्यांनी १८९७ मध्ये असे इंजिन चालवून दाखवले. त्याची ताकद मोठी, तेल कमी. परंतु ह्या भयंकर उष्णतेत एक भलतीच गोष्ट घडते. आपण श्वासात घेतो त्या हवेत पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो. एरवी हा वायू अगदी निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनाच्या भट्टीत त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. म्हणजे डिझेल कितीही शुद्ध केले तरी हे विष टळत नाही, कारण ते तेलातून येत नसून हवेतूनच येते. उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, बारीक कण तयार होतात, आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. लॉस एंजलिस शहरावर जे तपकिरी धुके पसरत असे त्याचे मूळ ह्यातच आहे, हे हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास शोधून काढले.

पोर्ट लुईहून क्युरपीपचा चढ चढणाऱ्या जुन्या बसमागे जो काळा धूर निघे तो आम्ही सर्वांनी खाल्ला आहे. तो काजळीचा धूर. डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा राग येतो. नायट्रोजनची ऑक्साइडे बहुधा दिसत नाहीत. आणि गंमत अशी की, इंजिन थोडे थंड चालवले तर ही ऑक्साइडे कमी होतात पण काजळी वाढते आणि तेलही जास्त लागते. गरम चालवले तर तेल वाचते, काजळी कमी होते, पण ऑक्साइडे वाढतात. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी इंजिनिअरांची स्थिती झाली.

ह्यावर तोड निघाली ती युरियाची. इंजिन खुशाल गरम चालू द्यायचे आणि बाहेर पडणाऱ्या धुरात युरियाचे पाणी फवारायचे. शंभर भागांत साडेबत्तीस भाग युरिया आणि बाकी अगदी शुद्ध केलेले पाणी, असे हे मिश्रण असते. युरोपात त्याला ‘अ‍ॅडब्लू’ म्हणतात, अमेरिकेत ‘डेफ’. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. पुढे एका खास लेप दिलेल्या डब्यात अमोनिया आणि ऑक्साइडे एकत्र आली की पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. दहातले नऊ भाग विष तेथेच नाहीसे होते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर हे पाणी लागते. अमेरिकेत १९९८ च्या मोठ्या ट्रकाला जितकी ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती तिच्या विसाव्या हिश्शावर २०१० च्या नियमाने मर्यादा आणली, आणि ती पाळता आली ती मुख्यतः ह्या युरियामुळेच. नॅव्हिस्टार नावाची एक मोठी कंपनी ‘आम्ही युरियाशिवाय करून दाखवतो’ म्हणून हट्टाला पेटली होती. तिने काही वर्षे धडपड केली, दंड सोसला, आणि २०१२ मध्ये मुकाट्याने युरिया पत्करला.

पण येथे एक अडचण आली. डिझेल संपले की गाडी थांबते. मालक झक मारत डिझेल भरतो. युरिया संपला तर गाडीला काहीच होत नाही! ती तशीच धावते, उलट खर्च वाचतो. मग मालक युरिया कशाला भरील? टाकीत साधे पाणी ओतून तो मोकळा होईल. मनुष्यस्वभाव अमेरिकेत काय आणि आपल्याकडे काय, सारखाच. म्हणून कायद्याने कंपन्यांना सांगितले की, युरिया संपला, खराब निघाला किंवा कुणी यंत्रणेशी खेळ केला तर इंजिनानेच आपली ताकद कमी करावी. आधी दिवा लागतो, मग जोर कमी होतो, आणि शेवटी अमेरिकेतले कित्येक ट्रक काही तासांतच ताशी ५ मैलांवर, म्हणजे ८ किलोमीटरवर येत. युरोपातही असाच लगाम आहे: प्रथम पाव हिस्सा जोर जातो आणि शेवटी ताशी २० किलोमीटरची मर्यादा पडते.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. शेतात आणि रस्त्यावर मात्र वेगळेच अनुभव आले. टाकीत उत्तम युरिया भरलेला असायचा, पण तो तपासणारे यंत्र, ज्याला सेन्सर म्हणतात, तेच बिघडायचे. हे मिश्रण शून्याखाली ११ अंशांवर गोठते. म्हणून उत्तरेकडील राज्यांत टाकीला तापवणारी तार बसवावी लागते, तीही बिघडते. पंप बिघडतो, फवारा तुंबतो. संगणकाला काय? त्याला चोर आणि सज्जन ह्यांतला फरक कळत नाही. सेन्सर बोलला नाही की तो मालकालाच लबाड समजतो आणि लगाम खेचतो. गहू कापणीला आला आहे, आकाशात ढग जमले आहेत, आणि लक्षावधी डॉलरांचे यंत्र शेताच्या मधोमध गोगलगाय होऊन बसले आहे. दुरुस्तीवाला शंभर मैलांवर, आणि दिवा विझवण्याची किल्ली फक्त कंपनीच्या संगणकात. अशा शेतकऱ्याचा संताप आम्हांला तरी समजतो. ऊस तोडून पडला आणि लॉरी आली नाही तर काय होते, हे ज्याच्या घरात ऊस पिकला त्याला समजावून सांगायला नको. तोडलेल्या उसातली साखर दर दिवशी उतरते. सेन्सरचा खुलासा ती ऐकत नाही.

रुग्णवाहिका आणि आगीचे बंब ह्यांचे काय? ते वाटेत अडकले तर माणसे मरतील, हे ध्यानात येताच अमेरिकेने २०१२ मध्ये त्यांना ह्या लगामातून सवलत दिली. २०२७ च्या ट्रकांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये जे नियम ठरले त्यांतही लगाम पूर्वीपेक्षा हळू आवळण्याची सोय होती. तेव्हा सैल करण्याची कल्पना एकाच पक्षाची किंवा एकाच सरकारची आहे असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आयोवा राज्याच्या जत्रेत पर्यावरण खात्याचे प्रमुख ली झेल्डिन ह्यांनी जे जाहीर केले ते मात्र बरेच पुढे जाते. त्यानुसार मोठ्या ट्रकात दोष आढळला तर सुमारे १,०५० किलोमीटर किंवा दहा तासांपर्यंत नुसता दिवा लागेल. त्यानंतर जोर १५ टक्क्यांनी कमी होईल. सुमारे ६,७५० किलोमीटर किंवा दोन आठवड्यांच्या कामानंतर ३० टक्क्यांनी. आणि सुमारे १३,५०० किलोमीटर किंवा चार आठवड्यांचे काम झाल्यावर वेग ताशी ४० किलोमीटरवर येईल. शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांना पहिले ३६ तास काहीच होणार नाही, मग पाव हिस्सा जोर जाईल. जुन्या गाड्यांतही कंपन्यांनी आपले प्रोग्रॅम असे बदलून द्यावेत, असे खात्याने सुचवले. आणि २०२७ पासूनचे नवे ट्रक युरिया संपल्यावर एकाएकी गळून पडणार नाहीत असेच बांधले पाहिजेत, असे सांगितले.

शेतकऱ्यांनी आणि ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण बंदराजवळच्या वस्तीत, हमरस्त्याला लागून असलेल्या शाळेत टाळ्या वाजवायला कारण नाही. युरिया बंद असलेला एक ट्रक सुमारे दहा चांगल्या ट्रकांइतकी ऑक्साइडे सोडतो. तेरा हजार किलोमीटर म्हणजे न्यूयॉर्कपासून लॉस एंजलिसपर्यंत जाऊन परत येणे आणि वर पुन्हा एकदा जाणे! ज्याचा सेन्सर बिघडला आहे त्याला चार आठवडे मिळावेत, हे योग्यच आहे. परंतु ज्याने टाकीत मुद्दाम पाणी ओतले त्यालाही तेच चार आठवडे मिळणार. खरा प्रश्न ह्या दोघांना वेगळे कसे ओळखायचे हा होता. तो अवघड प्रश्न बाजूला ठेवून मुदत तेवढी वाढवली, असे आम्हांला वाटते. बळकट सेन्सर करा, तो दहा वर्षे टिकेल अशी हमी द्या, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या यंत्राची दुरुस्ती स्वतः करू द्या, असे कंपन्यांना आधी सांगितले असते तर लगाम इतका सोडावा लागला नसता.

कारण लबाडी ही काही नुसती कल्पना नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे बिंग फुटले तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असा प्रोग्रॅम सापडला की तपासणी चालू असताना गाडी सोवळी आणि रस्त्यावर ओवळी. काही गाड्या मर्यादेच्या चाळीसपट ऑक्साइडे सोडत होत्या. युरियाची टाकी लहान ठेवता यावी आणि गिऱ्हाइकाला ती वारंवार भरावी लागू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीने सुमारे सहा लाख तीस हजार पिकअप ट्रकांच्या इंजिनांवरून १६७ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड भरण्याचे मान्य केले. त्या कायद्याखाली तोवर एवढा मोठा दंड कुणी भरला नव्हता. कंपनीने दोष मात्र कबूल केला नाही. ह्याच कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या सहकार्याने पुण्यात कारखाना काढला, आणि पुण्यातल्या हजारो मराठी घरांची चूल त्या इंजिनांवर पेटली, हे येथे सहज आठवले.

भारतातही १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे कडक नियम आले आणि मोठे ट्रक युरिया पिऊ लागले. महाराष्ट्रातल्या हमरस्त्यांवर पंपांशेजारी निळ्या-पांढऱ्या बादल्यांची चळत दिसते, ती ह्याच पाण्याची. ड्रायव्हर मंडळी तिला सरळ ‘युरिया’च म्हणतात.

बेटावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ह्या प्रकरणातली एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी, ती दक्षिण कोरियाची. तो देश आपला जवळजवळ सर्व औद्योगिक युरिया चीनकडून घेत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि तीन आठवड्यांत कोरियातले ट्रकवाले पंपांपुढे रांगा लावून उभे राहिले. गाड्या होत्या, डिझेल होते, माल होता. नव्हते ते खताचे पाणी. शेवटी सरकारने ऑस्ट्रेलियाला हवाई दलाचे विमान पाठवून २७,००० लिटर मिश्रण आणवले. पुढच्याच महिन्यात खुद्द ऑस्ट्रेलियात टंचाईची ओरड झाली! आपल्याकडे डिझेल जहाजाने येते, खत जहाजाने येते, गाड्याही जहाजानेच येतात. युरियाची टाकी असलेल्या बसगाड्या आणि लॉऱ्या आपल्या रस्त्यांवर जसजशा वाढतील, तसतसा त्या पाण्याचा साठा कुणी आणि किती दिवसांचा ठेवायचा, हे डिझेलच्या साठ्याइतकेच विचारावे लागेल.

अमेरिकेत आता पाहण्यासारखे आहे ते जुन्या ट्रकांचे. नव्या गाड्या नव्या प्रोग्रॅमसह कारखान्यातूनच बाहेर पडतील. रस्त्यावर असलेल्या लाखो गाड्यांचा प्रोग्रॅम मात्र कंपनीने तयार करायचा, तो दुकानात जाऊन भरून घ्यायचा, आणि तेवढा दिवस गाडी उभी ठेवायची. ज्याचा ट्रक सुरळीत चालला आहे तो ह्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवील काय? आणि ज्याचा बिघडलेला आहे, त्याला ताशी ८ किलोमीटरच्या चालीने त्या दुकानापर्यंत पोहोचायला किती तास लागतील?