मळवलीला उतरा, भाज्याचं टाकं पाहा

शेतकरी बंधूंनो, सुगी आटोपली की एक दिवस काढा आणि भाजे लेणी पाहून या. पुणे स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल धरायची. वाटेत वडगाव लागतं. आपला इंद्रायणी भात तिथल्याच संशोधन केंद्राचा, १९८७ सालचा. कामशेतच्या पुढं मळवली. तिथं उतरून दक्षिणेला चालू लागा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव, आणि मग पायऱ्यांची चढण. भाकरी-पाणी बरोबर असू द्या.

वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह आहे, चौदा स्तूपांचा समूह आहे. ते डोळे भरून पाहाच. पण आपण शेतकरी माणसं. पाण्याची टाकी पाहिल्याशिवाय खाली उतरू नका. डोंगराचं पाणी वाहून जाऊ न देता त्या लोकांनी कातळातच साठवलं. एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. महारथी कौशिकीपुत्र विष्णुदत्त यानं ते टाकं दान दिल्याची ती नोंद. राज्यं गेली, पण टाकं खोदून देणाऱ्याचं नाव राहिलं.

मावळात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात वरच्या वाड्यांवर हंड्यासाठी पायपीट होतेच. तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही ही टाकी जरूर पाहावीत. परत आल्यावर आपल्या शिवारातल्या जुन्या टाक्या, विहिरी, बंधारे मोजा. मृगाआधी त्यांतला गाळ काढा. छिन्नी-हातोड्यावर त्यांनी जे केलं, ते आपल्याला जड जाऊ नये.