पोटरीत गोळा येतो तेव्हा

जुलैत भातलावणी सुरू झाली की उर्से, परंदवडी या गावांच्या बाजूला बाया सकाळीच खाचरात उतरतात. पाय घोट्याच्या वर चिखलात, कंबर वाकलेली, वरून पाऊस आणि प्रत्येक पाऊल चिखलातून उपसून मागे टाकायचं. रात्री जेवणं उरकून त्या अंग टेकतात आणि ऐन झोपेत पोटरीत गोळा येतो. याच गावांतल्या कारखान्यांत पाळीभर यंत्रासमोर उभं राहून आलेल्या माणसालाही येतो, लोहगड उतरून घरी परतलेल्यालाही येतो. कारण विचारलं तर उत्तर एकच: ‘अंगात कॅल्शियम कमी झालंय.’ मग दुकानातून गोळ्यांची पाकिटं येतात. त्यांच्या भरवशावर राहिल्याने बिनखर्चाचा, हाताशी असलेला उपाय बाजूला पडतो, याची मला खंत वाटते.

झोपेत पावलं आपोआप खाली वळतात, त्यात जाड पांघरुणाचा भार पडतो. पाऊल असं वळलेलं असलं की पोटरीचा स्नायू आधीच आखूड होऊन बसलेला असतो. दिवसभर राबलेल्या स्नायूच्या नसा अशा वेळी अकारण संदेश सोडू लागतात. कूस बदलताना पाऊल जरा आणखी खाली वळलं, की आखूड स्नायू आणखी आकसतो आणि सुटतच नाही. बोट लावलं तर तो दगडासारखा लागतो. असा गोळा येणाऱ्या बहुतेकांच्या रक्तातले क्षार तपासले तर ठीकच निघतात.

म्हणून आधी ताणायचं, चोळायचं नंतर. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर तळव्याला पंचा अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे खेचा. झटका नको, अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. उठता येत असेल तर आधार घेऊन उभं राहा आणि टाच जमिनीला टेकवा. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या दोरीसारख्या भागात ताण ओळखणारे बारीक अवयव असतात. कामिल्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. ताण वाढला की ते पाठीच्या कण्यातल्या चेतातंतूंना ‘आता सोड’ असा निरोप देतात. चोळण्याचं म्हणाल तर, देहूहून निघालेल्या वारकऱ्यांच्या पोटऱ्या मुक्कामाच्या गावी तेल लावून चोळून देणारी माणसं भेटतात. ती सेवा थकव्यावर खरा उतारा आहे, पण गोळा सुटल्यानंतर. शेक द्यायचा तोही नंतरच. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याची पिशवी टाळा, भाजलेलं कळत नाही.

गोळा येऊच नये म्हणून झोपण्याआधी भिंतीशी दोन मिनिटं द्या. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळहात भिंतीला लावा. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर. मग अंग पुढे झुकवा. पोटरीत ओढ जाणवली की तिथेच थांबा, सावकाश श्वास घ्या, मग पाय बदला. 2012 साली नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या वरच्या 80 जणांवर झालेल्या चाचणीत, सहा आठवडे झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणणाऱ्यांचे पेटके कमी झाले, उरलेल्या पेटक्यांचा जोरही घटला. गरोदरपणातही आधार धरून हा ताण देता येतो. पांघरूण पायथ्याशी घट्ट खोचू नका.

कॅल्शियमइतकीच मॅग्नेशियमच्या गोळ्यांचीही चलती आहे. सर्व चाचण्यांच्या 2020 साली झालेल्या आढाव्यात ज्येष्ठांना त्यांचा फायदा होण्याची शक्यता कमीच दिसली. गरोदर स्त्रियांबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. पूर्वी पेटक्यांसाठी क्विनाइन सर्रास देत. रक्तावर गंभीर दुष्परिणाम होतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये त्याविरुद्ध पुन्हा इशारा दिला. ते मनाने घेऊ नका.

घामाचं प्रकरण वेगळं. ब्रिटनच्या खोल, उष्ण कोळसाखाणींत घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या मजुरांना पेटके येत, याची नोंद 1920च्या दशकातली आहे. भट्टीपाशी किंवा उन्हात राबणाऱ्यांनी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावं. चमचा चहाचा, आणि मिठाचं माप वाढवायचं नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शेतात आडोसा नाही म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे थांबलंच पाहिजे. त्यांच्यासाठी बांधावर आडोसा उभा करणं घरातल्या माणसांना सहज जमण्यासारखं आहे.

काही दुखणी मात्र गोळा समजून अंगावर काढू नयेत. एकच पाय सुजला, गरम लागला, लाल झाला आणि दुखणं हटेना, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, हे रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं, दम्याचे काही इन्हेलर आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनीही पेटके येऊ शकतात. ही औषधं परस्पर बंद करू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळा कधीपासून, रात्री किती वेळा येतो तेही सांगा.