साठवणीतील मक्याची बुरशी व वनस्पतींचे अर्क

पिकविलेले धान्य कोठारात सुरक्षित राहिले नाही, तर वर्षभराचे श्रम व्यर्थ जातात. मक्याच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ नुकसानीचा नसून जिवाचाही आहे. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाण्यात आला आणि यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. अस्परजिलस फ्लेव्हस या हिरवट-पिवळ्या बुरशीपासून उत्पन्न होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष त्यास कारणीभूत होते. हे विष डोळ्यांस दिसत नाही व शिजविल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही.

अर्कांचे कार्य : लवंगेतील युजेनॉल व ओव्यातील थायमॉल ही द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात. कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क वाढीस फारसा अटकाव करीत नाही. परंतु त्यामुळे विषाची उत्पत्ती पुष्कळ कमी होते, असे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. निंबोळीचा अर्क किडींस दूर ठेवतो. किडींनी दाणे पोखरले म्हणजे बुरशीस वाट मोकळी होते; म्हणून हा उपयोगही महत्त्वाचा आहे.

वापरण्याची रीत : एक किलो वाळलेली निंबोळी कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी व सकाळी फडक्याने गाळून घ्यावी. या अर्कात रिकामी पोती पंधरा मिनिटे बुडवून पूर्ण वाळवावीत, मगच त्यांत धान्य भरावे. धान्यावर मात्र पातळ अर्क कधीही शिंपडू नये. त्यातील ओलाव्यानेच बुरशी बळावते.

वाळवणी हाच मुख्य उपाय : अर्क हे वाळवणीस पूरक होत, तिची जागा ते घेऊ शकत नाहीत. धान्य पुरेसे वाळले की नाही, हे मिठाने पाहता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे दाणे व दोन चमचे कोरडे मीठ घालून चांगले हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेस चिकटल्यास धान्य ओले आहे असे समजून पुन्हा उन्हात पसरावे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

बुरशी आलेले दाणे निवडून नष्ट करावेत. ते गुराढोरांस वा कोंबड्यांसही घालू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मिठाची ही परीक्षा सुगीच्या वेळी खळ्यावरच करून दाखविल्यास शेतकऱ्यांस तिची उपयुक्तता सहज पटेल.